पार्ट गेला म्हणजे नेमकं काय झालं?

"भाऊ, ऑइल पूरं काळं झालं ना. चेन किट गेली. एअर फिल्टर बदलावा लागते. ब्रेक ऑइलही नवीन टाकून देऊ काय?"

नागपूर जिल्ह्यातल्या कुहीच्या बाजारातल्या कुठल्याही गॅरेजवर गाडी डबल स्टँडवर चढली की ही चार वाक्यं कानावर पडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. गिऱ्हाईक एक तर मान डोलावतं, नाही तर "यंदा राहू द्या, पुढच्या खेपेले पाहू" म्हणतं. होकार काय आणि नकार काय, दोन्ही अंदाजाने. मिस्त्री खरं सांगतोय की बिल वाढवतोय हे आपण त्याच्या चेहऱ्यावरून ताडायला जातो. चेहऱ्यावरून काही कळत नाही. चेनवरून मात्र कळतं.

म्हणून आधी चेनच घेऊ. "चेन ताणली" असं सगळेच म्हणतात, पण पोलाद असं रोजच्या वापरात ताणलं जात नाही. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर असतं, आणि अशा शंभर-सव्वाशे कड्या. प्रत्येक पिन आपल्या नळीत फिरते, घासते आणि किंचित बारीक होते. किती किंचित? चेन एक टक्का लांबली असेल तर प्रत्येक सांध्यात झीज झालेली असते मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीची. एकेकट्या सांध्यात ती डोळ्यांना दिसणारच नाही. पण ११८ कड्यांची बेरीज होते दीड सेंटिमीटर, आणि तेवढी चेन सैल लोंबते. स्प्रॉकेटचे दाते मात्र मूळ १२.७ च्या हिशेबानेच कापलेले. लांबलेली चेन त्यांच्या खाचेत नीट बसत नाही, दात्याच्या टोकाकडे चढते आणि त्याला आकड्यासारखा वाकडा झिजवते.

यातूनच तपासणी निघते, आणि तिला एकही अवजार लागत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूची कडी दोन बोटांनी धरायची आणि मागे ओढायची. दात्याचा निम्मा भाग उघडा पडला तर मिस्त्री खरं बोलतोय. कडी जागची फारशी हललीच नाही तर चेन नुसती सैल आहे. ताण नीट करून, धुऊन, ऑइल दिलं की काम झालं. पण चेन गेलीच असेल तर नुसती चेन टाकून दोन्ही स्प्रॉकेट जुनीच ठेवायची काटकसर करू नये. झिजलेले दाते नवी चेन लवकर खातात. म्हणजे पूर्ण किटचा आग्रह, जो ऐकताना सगळ्यात महागडा वाटतो, तोच इथे बरोबर असतो.

हे आधी सांगायचं कारण असं की "गॅरेजवाले लुटतात" एवढं एकच सूत्र घेऊन गेलं तर माणूस निम्म्या वेळा स्वतःचंच नुकसान करतो. दुरुस्तीच्या धंद्यातली खरी अडचण वेगळीच आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये ती मांडली. कापड हातात घेऊन कळतं, आंबा खाऊन कळतो; पण काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरसुद्धा त्यांची गरज होती का हे कळत नाही. उदाहरण म्हणून त्यांनी मोटार दुरुस्तीच घेतली होती. पार्ट बदलला, गाडी नीट चालली. न बदलता चालली असती का? ते पाहायला तीच गाडी दुसऱ्यांदा मिळत नाही. शिवाय रोगाचं निदान करणारा आणि औषध विकणारा माणूस एकच. १९४१ मध्ये अमेरिकेत 'रीडर्स डायजेस्ट'साठी दोघांनी देशभर गाडी फिरवली आणि गॅरेजात शिरण्याआधी इग्निशन कॉइलची एक वायर मुद्दाम सैल करून ठेवली. डोळ्यांसमोरचा बिघाड. ३४७ गॅरेजांपैकी सुमारे ६३ टक्क्यांनी भलतंच काहीतरी सांगितलं किंवा नको ते काम केलं.

मग विश्वास ठेवायचा कशावर? माझं म्हणणं असं की पार्टवर. गाडीतला प्रत्येक भाग आपापल्या घड्याळाने म्हातारा होतो. एकाचं घड्याळ किलोमीटरवर चालतं, दुसऱ्याचं महिन्यांवर, तिसऱ्याचं धुळीवर, चौथ्याचं उन्हावर. आणि काही भागांना घड्याळच नसतं. मिस्त्रीने पार्टचं नाव घेतलं की मनात पहिला प्रश्न हाच यावा: याचं घड्याळ कोणतं, आणि त्यात किती वाजले?

इंजिन ऑइलचं घड्याळ तर विलक्षणच आहे. त्यासाठी १८८३ च्या इंग्लंडात जावं लागेल. बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. कुही स्टेशनवरून २०१९ पर्यंत जी नॅरोगेज गाडी नागभीडकडे जायची तिचे डबेसुद्धा आसांवर आणि बेअरिंगांवरच पळायचे; टॉवरच्या काळात त्या बेअरिंगला तेल नेमकं कसं वाचवतं हे कुणालाच धड माहीत नव्हतं. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी उसळून बाहेर येऊ लागलं. त्याने बूच मारलं. बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी प्रेशर गेज लावला, तर काटा शेवटच्या आकड्याच्या पलीकडे गेला. फिरणारा आस तेलाला स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मधे ओढत होता आणि त्या तेलाच्या दाबावर बेअरिंग उचललं जात होतं. धातू धातूला टेकतच नव्हता! तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं, आणि आजही क्रँकशाफ्टचं साधं बेअरिंग त्याच गणिताने बनतं. गाडी चालू असताना तो शाफ्ट केसाहून कितीतरी पातळ अशा तेलाच्या पडद्यावर तरंगत असतो.

आता काळ्या रंगाकडे येऊ. ऑइलमध्ये काजळी आणि मळ धरून ठेवणारी द्रव्यं मिसळलेली असतात, नाही तर तो मळ इंजिनच्या भिंतींवर बसेल. ऑइल काळं पडलं याचा अर्थ ते आपलं काम करतंय. डिझेल गाडीत तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. तेव्हा रंग दाखवून "बदलावं लागते" म्हणणाऱ्याचा पुरावा कच्चा आहे. निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, पण तो रंगातून निघत नाही. ऑइल संपतं म्हणजे त्यातली ती द्रव्यं संपतात, उष्णतेने ते घट्ट आणि आम्लधर्मी होतं, त्यात पेट्रोल आणि पाणी मिसळतं. बोटावर चोळून यातलं फारसं काही कळत नाही. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून त्यात किती लोखंड, किती तांबं उतरलंय ते पाहतात आणि त्यावरून आतला कोणता भाग झिजतोय ते इंजिन न उघडता ओळखतात. आपल्या गाडीसाठी एवढं कोण करणार? आपल्याला मॅन्युअलमधला आकडा पुरतो, इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते.

"जे आधी येईल ते" यातली मेख कुहीत चांगली दिसते. रोज कुहीहून नागपूरला जाऊन-येऊन करणाऱ्याच्या गाडीचे किलोमीटर झपाट्याने वाढतात, पण तिचं इंजिन प्रत्येक फेरीत पुरतं तापतं आणि ऑइलमध्ये शिरलेलं पाणी-पेट्रोल उडून जातं. घर ते शाळा, शाळा ते बाजार असं गावातल्या गावात फिरणाऱ्या गुरुजींच्या स्कूटरचा आकडा वर्षभरात फारसा हलत नाही, पण इंजिन तापायच्या आधीच बंद होतं आणि ओल आतच राहते. कमी चाललेल्या गाडीचं ऑइल चांगलं असणार, हा समज म्हणून फसवा.

एअर फिल्टरचं घड्याळ धुळीचं. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. कुहीतून मांढळला पांदण रस्त्याने निघालात, पुढे मुरमाने भरलेला टिप्पर असला, तर त्या नऊ हजार लिटरमध्ये काय काय असेल ते सांगायला नको. धुळीतली वाळू म्हणजे सिलिका, ती कित्येक धातूंपेक्षा कठीण. पिस्टनच्या रिंगांजवळ पोचली तर तिथेच घासत राहते. त्यामुळे मॅन्युअलच्या मागच्या पानांवर धुळीच्या, खडतर वापरासाठी जो वेगळा, लवकरचा तक्ता असतो, तो आपल्याकडे बऱ्याच जणांना खरोखर लागू होतो. इथे मिस्त्रीच्या बाजूने बोलायला हवं.

पण याच फिल्टरची एक उलटी गोष्टही आहे. कागदी फिल्टर नवा असताना जितकी धूळ अडवतो, त्याहून जास्त तो थोडा मळल्यावर अडवतो, कारण अडकलेल्या कणांचा थर स्वतःच बारीक चाळणी बनतो. चांगला फिल्टर दर खेपेला काढून कॉम्प्रेसरची हवा मारून "साफ" करायची जी रीत आहे, तिच्यात तो थर जातो आणि जोराच्या झोताने कागदही फाटू शकतो. काही दुचाकींत तर तेलकट कागदाचा फिल्टर असतो, तो साफ करायचाच नसतो. मुदत झाली की सरळ बदलायचा. वेळेआधी छेडू नये, वेळेनंतर ठेवू नये.

ब्रेक ऑइलचं पुढे काही बोलण्याआधी गाडीकडे एकदा नीट पाहावं. कुहीतल्या कितीतरी गाड्यांना पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत, तारेवर आणि दांड्यावर चालणारे. त्यांत ब्रेक ऑइल नसतंच! त्यांच्या ब्रेक शूची झीज पाहायला बऱ्याच कंपन्यांनी चाकाजवळच्या ब्रेकच्या आर्मपाशी एक छोटा बाण दिलेला असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण बाजूच्या खुणेला भिडला की शू संपले. ड्रम न उघडता आतली जाडी सांगणारा हा बाण वर्षानुवर्षं आपल्या पायापाशी असतो आणि बहुतेकांनी तो पाहिलेलाही नसतो.

डिस्क ब्रेकचं ऑइल मात्र हवेतली ओल शोषतं, गाडी उभी असली तरी. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १५५ अंशांवर येऊ शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर ओढूनही गाडी थांबत नाही. कुही-उमरेडच्या सपाटीवर ब्रेक एवढे क्वचितच तापतील, पण कार भरून चिखलदऱ्याला नेली की उतारावर हा आकडा जिवाशी येतो. हे घड्याळ महिन्यांचं. साधारण दोन वर्षं झाली असतील तर वाद घालू नये. मागच्याच वर्षी बदललं असेल तर तारीख दाखवावी.

घड्याळांची आणखी दोन रूपं सांगण्याजोगी. ट्रॅक्टर किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो, आणि अनेक ट्रॅक्टरांचं ऑइल २५० तासांच्या हिशेबाने बदलतात. जुन्या ट्रॅक्टरांतला तास-मीटर खरं तर तासही मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. इंजिन सावकाश चालवलं तर त्याचा "तास" साठ मिनिटांहून मोठा होतो. आणि बॅटरी मोजते उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज जवळपास दुप्पट वेगाने होते, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. थंड प्रदेशातल्या भावाची बॅटरी सहा वर्षं चालली म्हणून आपली चालेल असं नाही. तिला मीटर लावून विचारता येतं. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली घसरण नाही, तर ती अजून शाबूत आहे.

आणि ज्या भागांना घड्याळच नाही त्यांचं काय? इथे मला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची पाणबुड्या शोधणारी विमानं सतत वर्कशॉपमध्ये पडून असायची. कारण शोधायला बसवलेल्या शास्त्रज्ञांत सी. एच. वॉडिंग्टन होता, पेशाने जीवशास्त्रज्ञ. एपिजेनेटिक्स या शाखेचं नाव त्याचंच. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर विमानाची ठरलेली तपासणी व्हायची. वॉडिंग्टनच्या गटाने बिघाडांची नोंद तपासणीपासूनच्या तासांवर मांडली. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी असतील आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढत जातील. आलेख उलटा निघाला! सगळ्यात जास्त बिघाड तपासणीच्या लगेच नंतर, मग हळूहळू कमी. धडधाकट यंत्र उघडणं हेच बिघाडाचं एक कारण होतं. हा सगळा वृत्तांत पुस्तकरूपाने छापून आला १९७३ साली, डार्बी-कार्नींचा लेख आला त्याच वर्षी.

पुढे युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ च्या अहवालात विमानाचे भाग तपासून सांगितलं की वय वाढलं म्हणून बिघडतात असे भाग जेमतेम ११ टक्के. बाकी ८९ टक्के भागांना ठरावीक मुदतीने खोलून काही फायदा नाही. ६८ टक्के तर असे की नवे बसवल्यावर लगेचच बिघडायची शक्यता जास्त, आणि ते दिवस निभावले की पुढे तीच कमी. जुन्या डीसी-८ विमानात ३३९ भागांचं मुदतबंद ओव्हरहॉल करावं लागे. नंतरच्या डीसी-१० मध्ये ते ७ भागांवर आलं. विमानं त्याने धोकादायक झाली नाहीत. तेव्हा "कशाला रिस्क घ्यायची, खोलून साफ करून घेऊ" हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटलं तरी ते नेहमी सुरक्षित बाजूला पडत नाही. खोलण्यातही रिस्क आहे.

नेमक्या याच जागेवर बिलं वाढतात. मॅन्युअलच्या तक्त्यात प्रत्येक भागासमोर एक अक्षर असतं: 'आय' म्हणजे तपासा, 'आर' म्हणजे बदला. बिल फुगवण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे 'आय'चा 'आर' करणं. त्याच्या जोडीला मग तक्त्यात कुठेच नसलेल्या गोष्टी येतात: इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, केबिन सॅनिटायझेशन, टायरमध्ये नायट्रोजन. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, तोही फुकट. शहरातल्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये ॲडव्हायझरला बहुधा अशा जादा कामांचं टार्गेट असतं. तो माणूस लबाड असेलच असं नाही. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने सिअर्स या बड्या दुकानसाखळीच्या गॅरेजांवर नको असलेली कामं विकल्याचा ठपका ठेवला, तेव्हा मुळाशी कोटा आणि कमिशनच निघालं, आणि कंपनीला ॲडव्हायझरांचं कमिशन बंद करावं लागलं.

"बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल" या धाकालाही आपल्याकडे उत्तर मिळालेलं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि स्वतंत्र गॅरेजात गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही बजावलं. पुढे अपिलं झाली, पण रस्त्यावरच्या मिस्त्रीला सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मिळाली पाहिजे ही गोष्ट चर्चेत आली ती तिथूनच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलमध्ये वाहनं आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत.

कुहीतल्या मिस्त्रीला टार्गेट नसतं. त्याचं गिऱ्हाईक त्याला आठवडी बाजारात भेटतं, मिरचीची देठं खुडायच्या सातऱ्यावर भेटतं, लग्नात पंगतीला शेजारी बसतं. म्हणून इथली चूक बहुतेक वेळा उलट्या बाजूला होते असं मला वाटतं. "चालून जाईन काय अजून?" असं गिऱ्हाईकच विचारतं, आणि मिस्त्री त्याची परिस्थिती ओळखून "चालून जाईन" म्हणतो. नको ते काम करण्यापेक्षा हवं ते न करणं इथे जास्त. ब्रेक शू आणि टायरच्या बाबतीत हे सौजन्य महागात पडतं.

टायरवर तर बनवणाऱ्यानेच सगळं लिहून ठेवलंय. कारच्या टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. वरची नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, मग दुकानदार काही म्हणो. आणि बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेताना किंवा "नवाच टायर आहे, साहेब" ऐकताना वाकून ते चार आकडे वाचावेत. रबर उष्णतेने आणि हवेने गोदामातही म्हातारं होतं, अंगणात ताडपत्रीखाली उभ्या गाडीचंसुद्धा.